एकास बहात्तर

प्लॅस्टिकच्या विमानाचे नवे किट उघडल्यावर सुटे भाग जोडून प्रतिकृती बनवण्याच्या या छंदातला मुरलेला माणूस सर्वप्रथम पंखाचा भाग उजेडात तिरका धरतो आणि त्यावरच्या बारीक खाचा न्याहाळतो. खऱ्या विमानाच्या अंगावर दोन पत्रे जिथे भिडतात, तिथली फट दाखवण्यासाठी या खाचा असतात आणि किटच्या दर्जाचा निवाडा पुष्कळदा त्यांच्यावरूनच होतो. ब्रिटनमधल्या मॅचबॉक्स कंपनीची १९७० च्या दशकातली किटे अशा रुंद, खोल खाचांमुळे आजही चेष्टेचा विषय होतात.

मात्र हिशोब मांडायला बसले की ही चेष्टा जरा अडखळते. छोट्या विमानांसाठी रूढ असलेले प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांना एक इंच असे आहे. सुमारे ११.२ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर या प्रमाणात साडेपंधरा सेंटिमीटरांच्या आसपास येते. अशा प्रतिकृतीवरची ०.२ मिलिमीटर रुंदीची, अगदी नाजूक म्हणून वाखाणली जाणारी खाच बहात्तरपट केली, तर ती १४.४ मिलिमीटर होते. खऱ्या विमानात एवढी फट असती, तर तिच्यात वैमानिकाचे बोट सहज गेले असते. उलट दीड मिलिमीटरची खरी फट प्रामाणिकपणे लहान केली, तर ती ०.०२ मिलिमीटर उरेल आणि रंगाच्या पहिल्याच हाताखाली बुजून जाईल. म्हणजे जिला आपण अचूक म्हणतो, ती खाचही साडेनऊपट अतिशयोक्ती असते. कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचेही तेच: एक मिलिमीटर जाडीचे हे झाकण मोठे करून पाहिले, तर सात सेंटिमीटर जाडीची काच होते.

किटच्या रचनाकाराला अचूकतेआधी साच्याचे ऐकावे लागते. पोलादी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरले जाते, ते थिजते आणि साचा सरळ रेषेत उघडतो. या सरळ रेषेला आडवे येणारे काहीही त्यात टिकत नाही. आपल्या मोदकाच्या साच्यात कळ्या उथळ आणि एकाच दिशेने उतरत्या ठेवलेल्या असतात त्या याच कारणाने, नाहीतर मोदक फाटल्याशिवाय बाहेर येणार नाही. म्हणूनच विमानाच्या धडाच्या बाजूंवर ठसठशीत असलेल्या खाचा पाठीच्या आणि पोटाच्या जोडाकडे जाताना फिकट होत जातात आणि रणगाड्याच्या तोफेचे तोंड पुष्कळदा आपल्यालाच बारीक ड्रिलने कोरावे लागते. बाजूने सरकणारे तुकडे साच्यात बसवून यातून वाट काढता येते, पण मग साचा महागतो. पंखाची मागची कडा कागदासारखी पातळ करावी, तर प्लॅस्टिक शेवटपर्यंत पोहोचत नाही. भाग जाड ठेवावा, तर थिजताना आकसून वर खळगा पडतो.

याखेरीज किंमत आहेच. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५२ मध्ये गोल्डन हाइंड या सोळाव्या शतकातल्या जहाजाचे किट वूलवर्थ दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला आणले, तेव्हा ही किंमत साधावी म्हणून खोक्याऐवजी साधी पिशवी वापरली आणि जोडणीच्या सूचना पिशवीच्या कागदी पट्टीवरच छापल्या. ज्या जहाजाचे मूळ आराखडेच उपलब्ध नाहीत, त्याच्या अचूकतेबद्दल कोणी हुज्जत घालणार नव्हते, हा एक वेगळाच फायदा! तामियाची गोष्ट याहून गमतीची आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा त्याचा आकार पोटात बॅटऱ्या मावतील या बेताने ठरवला होता. नंतर मोजले तेव्हा तो एकास पस्तीस भरला. बॅटऱ्यांच्या सोयीने निघालेले हे प्रमाण पुढे जगभरच्या रणगाड्यांच्या किटांनी स्वीकारले आणि आज लोक त्या प्रमाणाशी अर्ध्या मिलिमीटरचीही बेइमानी खपवून घेत नाहीत.

मला स्वतःला तडजोडीचा राग येत नाही, निष्काळजीपणाचा येतो. एक भाग कमी करून जोड घट्ट बसवलेला असेल, तर तो निर्णय आहे. दोन अर्धे एकमेकांवर बसत नसतील आणि मध्ये पुट्टी भरून पॉलिश पेपर घासत बसावे लागत असेल, तर त्याला निर्णय म्हणता येत नाही. झिजलेल्या साच्यातून निघालेल्या भागांच्या कडांना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटून येतो, आणि तेच किट नव्या देखण्या चित्राच्या खोक्यात घालून नव्या किमतीला विकले, तर तक्रार अवश्य करावी. मात्र स्वस्त किटची आसने ओबडधोबड आहेत म्हणून कुरकुरणारा गृहस्थ पुढे त्यासाठी कोरीव पितळी पत्र्याचे आणि रेझिनचे वेगळे संच मागवतो, त्यांची किंमत मूळ किटपेक्षा जास्त होते आणि नाकापेक्षा मोती जड होतो. शिवाय कॉकपिटचे झाकण बंद केल्यावर त्यातले बहुतेक काही दिसतही नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

या कटकटीतून सुटलेले रचनाकार बंदाई या जपानी कंपनीत असावेत, असे मला बरेच दिवस वाटत असे. जुलै १९८० मध्ये तीनशे येनला निघालेल्या त्यांच्या पहिल्या गंडमपासूनच विषय होता ॲनिमेशन मालिकेतल्या काल्पनिक यंत्रमानवाचा. त्याला संग्रहालयात जाऊन टेप लावता येत नाही. पुढे त्यांनी भाग रंगीत प्लॅस्टिकमध्येच ओतले, गोंदाविना नुसते दाबून बसतील असे केले आणि जोडाची रेघ चिलखताच्या रेघेतच लपवली, कारण ती कुठे असावी हे त्यांनाच ठरवायचे होते. परंतु हा यंत्रमानव मुळात सपाट चित्रातला, आणि चित्रकार त्याचे खांदे व पाय प्रसंगानुसार लांब-आखूड करत असतो. त्यामुळे ज्याला अस्सल नमुनाच नाही, त्याच्याही खांद्यांची रुंदी चुकली आहे, असे तावातावाने सांगणारे लोक आहेतच.