दोन डोस, तीन खेपा: कोयनेच्या पाण्यापलीकडून लसीला

आमचं गाव कोयनेच्या पाण्याच्या पलीकडच्या काठावर. अलीकडे तापोळा-बामणोलीचा पट्टा, मधे शिवसागर आणि पलीकडे आम्ही. आबा सांगतात, धरणाचं पाणी चढलं नव्हतं तेव्हा खालच्या वाटेने नदी ओलांडून माणसं चालत बाजाराला जायची. आता दवाखाना, बँक, दाखले, सगळ्यालाच लाँच लागते. कोरोनाच्या लसीलाही लागली. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या आमच्याकडच्या बऱ्याच जणांचे फोन येतात, "आई-वडलांचं कसं जमवलंस?" प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदा सविस्तर लिहितो.

मी पुण्यात छापखान्यात कामाला आहे. २०२१ मध्ये शिमग्याला गावी आलो आणि एप्रिलच्या निर्बंधांमुळे तिथेच राहिलो. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस सुरू झाली होती. मी ३९ चा, म्हणजे माझा नंबर नव्हता. पण घरात आबा ७४, आई ६८, थोरली चुलती ७० आणि शेजारची नानी, तिचं वय तिलाही नक्की माहीत नाही, आधारवर ७६ आहे. को-विनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, तेव्हा एका मोबाईल नंबरवर चार माणसांची नोंदणी होत होती. चौघांचं माझ्या नंबरवर करायचं ठरलं. सरकारी केंद्रावर ४५ च्या पुढच्यांची जागेवरही नोंदणी होत होती, त्यामुळे स्लॉटच्या भानगडीत पडलो नाही.

पहिली खेप ८ एप्रिलची, गुरुवारची. ती पूर्ण फुकट गेली आणि चूक माझी होती. कुणालाही न विचारता चौघांना घेऊन सकाळच्या लाँचने निघालो. एप्रिलात पाणी खूप खाली गेलेलं असतं. लाँच नेहमीच्या धक्क्याला न लागता पार खाली लागते आणि तिथून वर यायला भेगाळलेल्या गाळातून, मग दगडांतून चढ. तरण्या माणसाची दहा मिनिटं, नानीला पाऊण तास लागला. वरून जीप करून केंद्रावर पोचलो तर दारावर कागद चिकटवलेला: लस शिल्लक नाही. आदल्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात तीनच दिवसांचा साठा असल्याचं सांगितलं होतं. गावात रेंज फक्त वरच्या टेकावर, ती बातमी आमच्यापर्यंत आलीच नव्हती. लस तयार होत होती पुण्याजवळ मांजरीला, आमच्यापासून दीडेकशे किलोमीटरवर, आणि चार म्हातारी माणसं तिच्यासाठी ऊन खात परत निघाली. आबा परतीच्या लाँचमध्ये एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "आता मला न्हाय जायचं. व्हईल ते व्हईल."

म्हणून पहिलं सांगणं हेच: आशाताईचा नंबर आधी मिळवा. केंद्राचा फोन लागेल न लागेल, पण उद्या लसीची पेटी येणार का आणि किती डोस येणार, हे आशाताईला आदल्या संध्याकाळी कळलेलं असतं. आमच्या आशाताईंनी मला त्या दिवशी एक गोष्ट समजावली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच जमलं. आमच्याकडे येणाऱ्या कोव्हिशील्ड लसीच्या एका कुपीत दहा डोस असायचे. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. त्यामुळे तीन-चार माणसांसाठी कुपी उघडायला सिस्टर का-कू करते. आशाताई म्हणाल्या, "दादा, चार नको, दहा जमवा. दहा असले की मला तुमच्यासाठी बोलता येतं."

आठवडाभर मी आणि चुलतभाऊ घरोघर फिरलो. भीती होतीच. कुणी म्हणे लस घेतली की ताप येऊन माणूस जातो, कुणी म्हणे शेजारच्या गावात एकाचा हात वर होईना. मला वाटलं होतं समजावण्यात वेळ जाईल. पण बऱ्याच घरांत खरी अडचण वेगळी निघाली: न्यायला कुणी नाही, आधार मुंबईला मुलाकडे आहे, दिवसभर गुरांकडे कोण बघणार. भीतीचं बोलणं त्यावरचं पांघरूण होतं. गुरांची सोय लागली की माणूस तयार होई. अशी नऊ माणसं झाली. दहावे आबा, आणि ते अडून बसलेले.

त्यांना नानीने तयार केलं, मी नाही. ओसरीवर बसून तिने चोळीची बाही वर सारली आणि दंड पुढे केला. सुरकुतलेल्या कातडीवर दोन गोल व्रण, कडा उंच, मधे खोलगट, जुन्या नाण्याएवढे. "ह्या देवी काढल्याल्या. फिरकीवाणी हत्यार दंडाव ठिवून फिरवायचा देवी डाक्टर. दंड पिकला व्हता, पंधरा दीस हात हालला न्हाय. तुज्याबी दंडाव हायेत की रं. तवा आपल्या बापानं पळून जाऊ दिलं व्हतं का?" आबांनी स्वतःच्या दंडाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेली टोपी काढून ठेवली.

दुसरी खेप १६ एप्रिलची. लाँचवाल्याला आदल्या दिवशी सांगून दहा जणांसाठी स्पेशल करून घेतली. भाडं सगळ्या घरांनी वाटून घेतलं तर जड जात नाही, आणि मोठा फायदा म्हणजे परतीला लाँच आपल्यासाठी थांबते. शेवटची लाँच चुकेल या धास्तीने अर्धा तास न बसताच निघून जाणारी माणसं मी स्वतः पाहिली. तसं करू नका. लस घेतल्यावरचा तो अर्धा तास कशासाठी असतो, ते आम्हाला त्याच दिवशी कळलं.

नऊ वाजता पोचलो. टोकन घेतलं, तोंडावर मास्क, चिंचेच्या सावलीत अंतर ठेवून बसलो. निळी पेटी साडेदहाला आली. सिस्टर वयाने पंचविशीतली असेल. तिने पेटीतून कुपी काढली, लेबलवर उघडल्याची वेळ पेनने लिहिली आणि एकेकाला आत बोलावलं. एका माणसाला अर्धा मिलिलिटर, एवढंसंच. एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज असते, ती प्रत्येकासाठी नवी फोडतात. आबा मान फिरवून बसले होते, झालं तरी त्यांना कळलं नाही. नानीच्या दंडावरचे व्रण बघून सिस्टर क्षणभर थांबली. तिच्या वयाच्या माणसाच्या दंडावर देवीचा व्रण असायचं कारणच नाही, तो रोग तिच्या जन्माआधीच देशातून गेला. "आजी, हे केवढे मोठे!" म्हणाली आणि व्रणाच्या खाली दोन बोटं सोडून सुई दिली.

चक्कर आली ती आईला. खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला, ओठ पांढरे पडले. सिस्टरने तिला बाकावर आडवं केलं, पाय उंच केले, रक्तदाब बघितला, साखर-मिठाचं पाणी दिलं. वीस मिनिटांत आई उठून बसली. मग हळूच चुलतीला सांगितलं ते मला ऐकू आलं: ती सकाळपासून पाण्याचा घोटही प्याली नव्हती. लाँचमध्ये आणि तिथे केंद्रावर बायकांनी जायचं कुठे, हा विचार करून. लसीचा त्यात काही दोष नव्हता. उपाशी पोटी आणि कोरड्या घशाने उन्हात तीन तास काढले होते. आपल्या आया हे आपल्याला सांगत नाहीत. तेव्हा केंद्रावर पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे संडास कुठे आहे, उघडा आहे का, किल्ली कुणाकडे, हे विचारून त्यांना दाखवा. घरून निघताना भाकरी खाऊ घाला. बीपी-साखरेच्या गोळ्या चुकवू देऊ नका, लसीचा दिवस म्हणून गोळ्या बंद करणारे आमच्या दहांत तीन होते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई देण्याआधी सिस्टरला सांगा, गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या.

कपड्यांचंही बघा. आईच्या ब्लाउजची बाही दंडाला इतकी घट्ट होती की वर सरेना, शेवटी आडोशाला जाऊन खांद्यावरून उतरवावी लागली. बायकांनी सैल बाहीचं घालावं, पुरुषांनी सदऱ्याच्या आत बंडी.

रात्री आई आणि चुलतीला थंडी वाजून ताप आला, आबांचं अंग दुखलं, नानीला काहीच नाही. केंद्रावरून मिळालेली पॅरासिटामॉल दिली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे ताळ्यावर. त्या एका दिवसासाठी घरात राबतं माणूस हवं. सगळ्या घराने एकाच दिवशी घेतली तर चूल कोण पेटवणार आणि धार कोण काढणार, याचा आधी विचार करा. आम्ही केला नव्हता.

दुसऱ्या डोसचं त्या वेळी सहा ते आठ आठवड्यांनी सांगितलं होतं, म्हणजे जूनच्या तोंडाला. १३ मे रोजी केंद्र सरकारने कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. शहरात याने तारीख बदलली, आमच्याकडे ऋतूच बदलला. उन्हाळ्याऐवजी थेट आषाढ. ८४ दिवस मोजले तर ९ जुलै येत होती.

मी जूनमध्ये पुण्याला परतलो होतो. २१ जूनपासून अठराच्या पुढच्या सगळ्यांना केंद्र सरकारकडून मोफत लस सुरू झाल्यावर माझाही पहिला डोस झाला. ७ जुलैला गावी गेलो. पावसाने उघडीप दिली होती. आशाताईंना फोन आधीच केला होता, साठा होता. ८४ वा दिवस आला तसे आम्ही निघालो, एक दिवसही थांबलो नाही. पाणी अजून म्हणावं तसं भरलं नव्हतं, पण वारं होतं आणि मधल्या पात्रात लाँच चांगली हलत होती. प्रत्येकाचं आधार आणि पहिल्या डोसचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी माझ्या शर्टाच्या आत.

ही खेप दीड तासात आटोपली. एकच घोळ. चुलतीच्या मुंबईच्या मुलाने मधल्या काळात, मदत म्हणून, त्याच्या नंबरवरून तिची नवीन नोंदणी केली होती. दुसरा डोस त्या नोंदणीवर चढला असता तर तिच्या नावावर दोन पहिले डोस दिसले असते आणि पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळालंच नसतं. नशिबाने माझ्याकडे जुना संदर्भ क्रमांक होता, डेटा भरणाऱ्या मुलाला तोच दिला. तेव्हा दुसऱ्या डोसला तोच मोबाईल नंबर, तेच ओळखपत्र. शहरातल्या भावंडांना हे आधी फोन करून सांगा. नाव किंवा जन्मसाल चुकलं असेल तर को-विनवर दुरुस्तीची सोय तेव्हा झाली होती, पण ती एकदाच करता येत होती, म्हणून आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवूनच करावी लागे.

नऊच जण गेलो होतो. नानीला आदल्या रात्रीपासून ताप होता, आशाताई म्हणाल्या, बरी झाली की बघू. मग २२ जुलैचा पाऊस आला. महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडला. दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, आमच्याकडची लाँच बंद. नानीचे सोळा आठवडे ६ ऑगस्टला भरत होते. पुण्यात बसून मी बेचैन. आशाताईंनी सांगितलं, सोळा आठवडे उलटले तरी डोस नाकारत नाहीत, त्याची काळजी नको. पण पुढे विचारलं, "दादा, तुमच्या काठावर दहा होतात का? झाले तर पेटीच घेऊन येता येईल का ते डॉक्टरांना विचारते."

या वेळी दहा जमवणं सोपं होतं. मुंबईहून आलेली तरणी पोरं गावात होती आणि आता त्यांनाही लस खुली होती. चुलतभावाने टेकावर जाऊन फोन लावले, मी इथून लावले. रात्री नऊपर्यंत तेरा नावं झाली. आम्ही दहाच पक्की केली. त्यांतल्या आठांचं आधार आणि नंबर तपासून यादी आशाताईंना पाठवली, उरलेल्या दोघांनी सकाळी दाखवायचं ठरलं. तीन नावं राखीव.

३ ऑगस्टला वारं पडल्यावर लाँच निघाली. निळी पेटी, सिस्टर, आशाताई आणि नोंदी करणारा मुलगा. शाळेच्या पडवीत बाकं मांडली होती. तिथे रेंज नाही, म्हणून नोंदी कागदावर घेतल्या आणि अलीकडे येऊन चढवल्या, त्यामुळे मेसेज दुसऱ्या दिवशी आले. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका, पण तारीख आणि बॅच नंबर कागदावर लिहून घ्या.

संध्याकाळी टेकावरून चुलतभावाचा फोन आला. दहाही झाले, एक थेंब वाया गेला नाही. नानीने सिस्टरला विचारलं म्हणे, आता ह्याचा व्रण राहणार का. सिस्टर म्हणाली, नाही आजी, याचा नाही राहत. नानीने बाही खाली केली आणि अर्धा तास पडवीतून हलली नाही.