पिवळा कॅन्युला

जुलै महिना, सकाळचे सव्वासात. नाईट संपायला पाऊण तास उरला होता. मी हँडओव्हरचं रजिस्टर लिहीत होते, तेवढ्यात मावशी धावत आल्या. "सिस्टर, लवकर या, लेकरू मान टाकतंय."

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तेव्हा माझी पोस्टिंग होती. पावसाळा लागला की जुलाबाची पोरं यायचीच, पण हे बाळ वेगळं होतं. नऊ महिन्यांचं, वजन 7 किलो. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. चमच्याने पाणी घातलं ते ओठांच्या कडेने ओघळून गेलं. आई पाड्यावरून अंधारात चालत निघाली होती, पुढे जीप मिळाली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं होतं.

डॉक्टर कॅज्युअल्टीत साप चावलेल्या माणसापाशी अडकले होते. ते दोन मिनिटं येऊन गेले. "सिव्हिअर आहे. आरएल सलाईन लावा. पहिल्या तासात किलोमागे 30 मिली, पुढच्या 5 तासांत 70. लाईन मिळालीच नाही तर नाकातून नळी टाकून ओआरएस देऊ, तीही तयारी ठेवा."

दोन महिन्यांपूर्वी 'लाईन', म्हणजे सलाईनसाठी शिरेत कॅन्युला ही बारीक प्लास्टिकची नळी घालणं, हा शब्द ऐकला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. मे महिन्यात एका तान्ह्या बाळाला मी चार वेळा टोचलं होतं. एकदाही शीर सापडली नाही. शेवटी त्याच्या आईने बाळ माझ्यापुढून उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या मनातून जाईना. त्यानंतर मी बाळाचा हात हातात घ्यायच्या आधीच म्हणायला लागले, "याला व्हेनच नाहीये." असं म्हटलं की हात थरथरायचा, सुई घाईने आत जायची, शीर फुटायची. मग वाटायचं, मला आधीच माहीत होतं. लहान मुलांचा वॉर्ड बदलून मिळावा म्हणून अर्जही लिहून ठेवला होता.

तो अर्ज इनचार्ज सिस्टरांच्या हाती पडला. त्या रागावल्या नाहीत, 'धीर धर' असंही म्हणाल्या नाहीत. एक छोटी वही दिली आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस प्रत्येक प्रिक लिही. कुठला हात, कितीचा कॅन्युला, कितव्या वेळी मिळाली. आणि 'व्हेन नाही' हे माझ्या वॉर्डात बोलायचं नाही. काय दिसतंय, काय लागतंय, ते मोठ्याने बोलायचं. दोनदा नाही मिळाली तर बाजूला व्हायचं, तिसऱ्यांदा दुसरीने बघायचं. त्यात तुझी हार नाही, बाळाचा त्रास वाचतो."

पंधरा दिवसांनी आम्ही वही मोजली. 41 बाळं, त्यातल्या 33 जणांना पहिल्याच प्रिकला लाईन मिळाली होती. मला कुणी विचारलं असतं, तर निम्म्या वेळा मी फसते असं मी शपथेवर सांगितलं असतं. माझ्या लक्षात राहिली होती ती फक्त आठ बाळं. उरलेली 33 सलाईन लागल्यावर शांत झोपली होती, आणि मी त्यांना विसरून गेले होते.

'पॉझिटिव्ह राहा' हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलं आहे. आरशासमोर उभं राहून 'मला जमेल' असं म्हणूनही पाहिलं, हाताची थरथर काही थांबली नाही. थांबली ती वहीतल्या माझ्याच अक्षरामुळे. पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करताना अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं 1977 सालचं काम वाचायला मिळालं. आपल्याला एखादं काम जमेल हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो ते काम स्वतः करून दाखवल्याने, असं त्यांनी मांडलं आहे. आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, कुणी धीर देणं, आणि छातीतली धडधड आपण कशी समजून घेतो, यांचाही वाटा असतो. वाचताना मला इनचार्ज सिस्टर डोळ्यांपुढे आल्या. त्यांनी हे बहुधा वाचलेलं नव्हतं, तरी वही माझ्या हातात दिली होती.

तर ते बाळ. उजवा हात बर्फासारखा गार होता. मावशींनी कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून तळव्यापासून मनगटापर्यंत गुंडाळलं. मी 24 नंबरचा पिवळा कॅन्युला काढला. "मनगटाच्या मागे एक बारीक निळी रेघ दिसतेय," मी मोठ्याने म्हटलं. सुई टोचली, रक्त आलं, पण कॅन्युला सरकवताना शीर फुटली आणि कातडीखाली निळा फुगा उठला. कापूस दाबून धरला. छाती धडधडत होती. आई बघत होती, आणि मे महिन्यातली ती नजरही तिथेच होती.

माझ्याकडे आणखी एकच प्रिक होता. इनचार्ज सिस्टर आठला येणार होत्या, लेबर रूमची सिस्टर डिलिव्हरीत होती. नाकाच्या नळीचा ट्रे तयार होता, म्हणजे दार बंद झालेलं नव्हतं. हे मी स्वतःला नीट सांगितलं, आणि मग पायाकडे वळले.

घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढे आणि वर सॅफेनस शीर असते. काही दिसत नसलं, हाताला लागत नसलं, तरी ती बहुतेक तिथेच सापडते. मावशींनी पोटरी धरून हलका दाब दिला. "डावा पाय. दिसत काही नाही. जागा ठाऊक आहे," मी बोलले. सुई जवळजवळ आडवी धरून आत घातली. पुढे गेले, थांबले. मागच्या पारदर्शक टोकात काहीच नाही. मे महिन्यातली मी असते तर इथेच सुई इकडेतिकडे फिरवली असती. पण इतकं सुकलेल्या बाळात रक्त सावकाश येतं, हे वहीतल्या दोन नोंदींनी मला शिकवलं होतं. मनात अंक मोजले. एक, दोन, तीन, चार. टोकात लाल ठिपका आला आणि हळूहळू लांबला. मिलिमीटरभर पुढे, मग सुई धरून ठेवली आणि प्लास्टिकची नळी आत सरकवली. अडली नाही.

मावशींनी कधी श्वास सोडला ते मला ऐकू आलं. चिकटपट्टी, पायाखाली पुठ्ठ्याची पट्टी, पुन्हा चिकटपट्टी. तासाला 210 मिली, म्हणजे आमच्या सेटने मिनिटाला 70 थेंब. घड्याळ समोर धरून मोजले.

आठला हँडओव्हर झाला, पण मी गेले नाही. खुर्ची ओढून तिथेच बसले आणि वहीत लिहिलं: उजवा हात, 24, फुटली. डावा पाय, सॅफेनस, 24, मिळाली. पहिल्या तासानंतर बाळाची नाडी हाताला चांगली लागू लागली. दुसऱ्या तासात ते रडलं, बारीक, किरकिर करत, आणि आईने दिलेला ओआरएसचा चमचा गिळला.

साडेदहाच्या सुमाराला आईने माझा हात धरून ओढला. तिला मराठी फारसं येत नव्हतं आणि मला तिची पावरी. तिने बाळाखालचं फडकं काढून माझ्या हातात ठेवलं. ते लघवीने ओलं झालं होतं, कोमट होतं.