डॅगवूडचं पारणं

परवा दुपारी हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक सँडविच आलं. पावाचे तीन थर, मधोमध खुपसलेली लांब काडी, टोकाला एक ऑलिव्ह. ज्या मुलीने मागवलं होतं तिने आधी फोटो काढला, मग काडी उपसली आणि सरळ काटा-सुरी हातात घेतली. सँडविच काट्याने खायचं असेल तर राइसप्लेट काय वाईट?

या मनोऱ्यांचा मूळपुरुष म्हणजे डॅगवूड बमस्टेड. आमच्याकडे इंग्रजी पेपर फक्त रविवारी यायचा, पोरांचं इंग्रजी सुधारावं म्हणून. मी त्यातली ‘ब्लाँडी’ ही अमेरिकन चित्रपट्टी तेवढी वाचायचो; डॅगवूड हा त्यातल्या ब्लाँडीचा नवरा. रात्री घर झोपलं की हा गृहस्थ फ्रिज उघडणार, असेल नसेल ते बाहेर काढणार आणि पावात रचत सुटणार. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं ती बारकाईने बघायची. एकदा थरांमधून माशाची शेपटी डोकावत होती आणि तिच्याखालीच भोकाभोकांचं चीज. “मासे आणि दुधाचं एकत्र? कोड फुटेल मेल्याला!” मग चष्मा काढता काढता, “बायको जेवायला घालत नाही का रे याला?”

घालायची की! पण गोष्ट जरा मागची आहे. चिक यंगने ही चित्रपट्टी 1930 साली सुरू केली तेव्हा डॅगवूड एका रेल्वेवाल्या धनाढ्याचा लाडोबा होता. ब्लाँडीशी लग्न करायला घरच्यांनी नाही म्हटल्यावर पठ्ठ्याने अन्न सोडलं. चांगले 28 दिवस! आईबाप वरमले, पण इस्टेटीतून नाव उडवलं ते उडवलंच. फेब्रुवारी 1933 मध्ये लग्न, मग नोकरी आणि डिदर्ससाहेबांची बोलणी. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर 1932 मध्ये, येरवड्यात गांधीजींचं उपोषण झालं होतं. ती बातमी चिक यंगच्या कानावर गेली असेल का, असं मला उगीचच वाटत राहतं.

ते सँडविच आलं 1936 मध्ये. म्हणजे आधी उपास आणि पारणं तीन वर्षांनी. हा क्रम मला फार आवडतो. शिवाय काळही सोयीचा होता. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात चिलिकॉथी गावात 1928 साली यंत्राने कापलेला पाव विकायला आला होता. त्याआधी इतके एकसारखे थर लावायचे तर सुरीवर हात बसलेला लागायचा, आणि डॅगवूडचा हात कशावरच बसलेला नव्हता.

पुढे ‘स्कूबी-डू’ या कार्टूनमधला शॅगी तसलेच मनोरे एका घासात गिळू लागला. त्यात मजा नाही. डॅगवूडची खरी तंद्री रचण्यात. खाण्याचं काय, चिक यंगने तोंड हवं तेवढं मोठं काढलं की झालं. मलाही रात्री उरलेली भाजी पोळीत भरताना कोणी बोललेलं खपत नाही.

पण ही पट्टी सुरू झाली ती मंदीच्या काळात. अमेरिकेतल्या शहरांत कोट-हॅट घातलेली, काम गेलेली माणसं फुकटच्या पाव-सूपसाठी रांगेत उभी राहायची. त्यांच्यातल्या कोणाच्या हाती तो पेपर पडला असेल, तर ते चित्र बघून तो हसला असेल का?