‘जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे का?’

२०२३च्या जुलैत इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातल्या एका जुन्या चाळवजा रांगेतल्या घरासाठी आम्ही दिलेली ३ लाख ३५ हजार पौंडांची ऑफर मालकानं मान्य केली. त्याच दुपारी इस्टेट एजंटचा फोन. ‘तुमचा सॉलिसिटर ठरलाय का? नसेल तर आमच्या ओळखीचे आहेत, आजच फाइल उघडून देतो.’

नाशिकला बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हा वकिलानं सर्च रिपोर्ट दिला आणि नंतर आम्ही सगळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन फोटो, अंगठे देऊन आलो, एवढंच मी पाहिलेलं. इंग्लंडमध्ये असं कुठल्या कचेरीत जायचंच नसतं. तुमचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, आणि विकणाऱ्याचा सॉलिसिटर एकमेकांना पत्रं लिहितात, पैसे त्यांच्याच खात्यांतून फिरतात, नोंदणीही तेच करतात. म्हणजे आयुष्यातली सगळी शिल्लक ज्या माणसाच्या हाती द्यायची, तो माणूस निवडायला आमच्याकडे एक आठवडा होता.

एजंटनं पाठवलेल्या पत्रकात खाली बारीक अक्षरात होतं की या शिफारशीबद्दल त्याला फी मिळते. हे सांगणं त्याच्यावर बंधनकारक असतं, त्यामुळे लपवाछपवी काही नव्हती. पण एजंट विकणाऱ्याचा. त्यानं सुचवलेला वकील आमचा कसा, हे मनाला पटेना. मग आम्ही इंटरनेटवर सगळ्यात कमी दर दिसला त्या फर्मकडे गेलो. ती आमची चूक होती. दर वाचताना मी फक्त वरचा आकडा पाहिला. खाली मॉर्गेज (गृहकर्ज) असेल तर वेगळे, पैसे कुणाकडून भेट म्हणून आले असतील तर वेगळे, बँकेत पाठवायचे वेगळे, स्टँप ड्यूटीचा फॉर्म भरायचे वेगळे, वर २० टक्के व्हॅट. बेरीज केल्यावर ती फर्म स्वस्त राहिलीच नाही.

त्यांच्या ऑनलाइन फॉर्मवर एक चौकोन होता: हे तुमचं पहिलं घर आहे का? इंग्लंडमधलं पहिलंच, म्हणून मी ‘हो’वर टिक केली. पाच आठवड्यांत तीन वेगवेगळ्या नावांनी ईमेल आले, प्रत्येकानं पासपोर्ट पुन्हा मागितला, त्या टिकेबद्दल मात्र कुणी काहीही विचारलं नाही.

ऑफिसातल्या एका तमिळ मैत्रिणीनं तिच्या सॉलिसिटरचा नंबर दिला. छोटं ऑफिस, दोनच वकील. या वेळी मी आधी प्रश्न लिहून काढले. माझी फाइल कोण पाहणार? ती व्यक्ती सुट्टीवर गेली तर कोण? आम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर तुम्ही आहात का? (नसलात तर बँक दुसरा वकील लावते, त्याचा खर्च आपल्यावर.) भारतातून आलेल्या पैशांची कागदपत्रं यापूर्वी हाताळलीत का? सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत नाव आहे हेही मी पाहून घेतलं. वकीलबाईंनी सगळी उत्तरं शांतपणे दिली आणि मग त्यांनी विचारलं, ‘जगात कुठेही तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर घर आहे का? अर्धं, पाव, कितीही?’

मी म्हटलं, नाशिकला आहे, पण ते बाबांचं.

‘कागदावर कुणाचं?’

कागदावर बाबांचं आणि माझं. पुण्यात नोकरीला असताना चार वर्षं अर्धे हप्ते मीच भरले होते. बाईंनी सांगितलं, मग तुम्ही पहिलं घर घेणाऱ्या ठरत नाही. घर नाशिकमध्ये असो की नैरोबीत, हिशेब सारखाच. आणि दोघं मिळून घेताना एकाचीही सवलत गेली की दोघांची जाते.

त्या वेळी पहिलं घर घेणाऱ्यांना ४ लाख २५ हजार पौंडांपर्यंत स्टँप ड्यूटी नव्हती. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ३ लाखांवर आली आहे.) म्हणजे आम्ही शून्य धरून बसलो होतो. सवलत गेल्यावर ४,२५० पौंड. शिवाय नाशिकच्या घरातला माझा वाटा ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा निघाला असता तर ‘दुसरं घर’ म्हणून संपूर्ण रकमेवर आणखी ३ टक्के, एकूण १४,३०० पौंड. आज तो जादा दर ५ टक्के आहे. त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. बाबांनी दुसऱ्याच दिवशी मूल्यांकन करणाऱ्याला बोलावलं. फ्लॅट ६६ लाखांचा ठरला, माझा वाटा ३३ लाख, म्हणजे साधारण ३२ हजार पौंड. जादा कर टळला, ४,२५० मात्र द्यायचेच होते. कराचा फॉर्म वकील भरत असला तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी आपली असते. ती पहिली टिक तशीच राहिली असती तर पुढे कधीतरी दंड आणि व्याज आम्हीच भरलं असतं.

पहिल्या फर्मनं सर्च, म्हणजे घराबद्दलच्या सरकारी नोंदी, मागवलेच नव्हते, म्हणून तिथून बाहेर पडताना नुकसान थोडं झालं.

पैशांचा प्रश्न त्याहून किचकट निघाला. आईबाबा मदत म्हणून पैसे पाठवणार होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतातून अशा कामासाठी बाहेर पाठवलेल्या रकमेवर माणशी वर्षाला ७ लाखांच्या पुढे २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) लागणार होता. बाबांनी वाट काढली: ७ लाख त्यांच्या खात्यातून, ७ लाख आईच्या. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. बाईंच्या दृष्टीनं आता पैसे देणारी दोन माणसं झाली. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, ‘हे पैसे परत नकोत, घरावर आमचा हक्क नाही’ अशी दोघांच्या सह्यांची पत्रं. शिवाय आईच्या खात्यात पैसे आले कुठून? तिनं दिंडोरीची जमीन विकली होती. मग त्याचं खरेदीखत, आणि ते मराठीत. नाशिकच्या भाषांतरकारानं इंग्रजी करून नोटरीचा शिक्का मारून दिला.

बाबा फोनवर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, ‘अगं, आमच्यावर संशय घेतायत का ते?’ मी त्यांना समजावलं की काळा पैसा रोखण्याचा कायदा आहे, इथे प्रत्येकाला विचारतात. तरी त्यांचा तो आवाज मला अजून आठवतो. परदेशात घर घेणाऱ्यांनी आईवडिलांना हे आधीच, निवांतपणे सांगून ठेवावं. मी ते केलं नाही.

‘मी घर बघायला येत नाही, मी फक्त कागद बघते. घर मला तुम्ही दाखवा,’ असं बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हणून मी प्रत्येक खोलीचे, मागच्या बोळाचे, गटाराच्या झाकणाचे फोटो पाठवले. त्यातूनच वरच्या माळ्यावरची खोली सापडली. ती बांधल्याचं कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पूर्णत्वाचं प्रमाणपत्र कुठेच नव्हतं. विकणाऱ्याच्या बाजूनं इन्डेम्निटी विमा काढून देण्याची तयारी दाखवली. एजंट म्हणाला, हे नेहमीचंच आहे, सही करा. बाईंनी समजावलं की कौन्सिलनं कारवाई केली तर त्या खर्चापुरता तो विमा. जिना धोक्याचा असेल तर तो काही सुधारून देत नाही. आणि आपण परस्पर कौन्सिलला फोन केला तर विमा मिळणारच नाही, म्हणून फोन करायचा नाही. आम्ही सर्व्हेअरला पुन्हा पाठवलं. जिना फार खडा होता, आगीला दाद न देणारं दार नव्हतं. किंमत ५ हजारांनी उतरली, करही २५० पौंडांनी. बँकेला बदललेली किंमत कळवण्यात आणखी दहा दिवस गेले. एजंटचे रोज फोन येत होते. एक्स्चेंजच्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होण्याच्या, आधी कुणीही माघार घेऊ शकतं, ही भीती त्याच्या प्रत्येक फोनमध्ये होती. बाई मात्र घाई करायला तयार नव्हत्या.

पैसे भरायच्या दिवशी ईमेलमधल्या खाते क्रमांकावर विसंबू नका, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलेलं. ईमेल फोडून खोटे क्रमांक पाठवणाऱ्या टोळ्या आहेत. मी त्यांच्या ऑफिसचा, आधीपासून माझ्याकडे असलेला नंबर फिरवला, आकडे एकेक करून वाचून घेतले, आधी १ पौंड पाठवला, पोचल्याचं ऐकलं, मग उरलेले.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी किल्ल्या मिळाल्या. बाबांचा व्हिडिओ कॉल आला. घर, बाग, चूल काही न बघता त्यांनी विचारलं, ‘सातबाऱ्यावर नाव लागलं का?’

ते लागायला उन्हाळा उजाडला. लँड रजिस्ट्रीचा उतारा आला तो मी लगेच पाठवला. बाबांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढून आणली आणि दिंडोरीच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये लावून ठेवली.