ट्रॉलीच्या चाकाखालची फरशी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या किराणा दुकानाचे सुपरमार्केट केले, तेव्हा फरशी मी केवळ नमुन्याची चमक पाहून निवडली होती. यंदा ती सगळी उखडून नव्याने बसवावी लागली. गोदामातून रॅककडे साखरेची पोती ज्या वाटेने हँड पॅलेटवर, म्हणजे हाताने ओढायच्या लहान चाकांच्या गाड्यावर, येतात, नेमक्या त्याच वाटेवरच्या फरश्या नाण्याने ठोकल्यावर पोकळ बोलत होत्या आणि त्यांचे कोपरे उडाले होते. मिस्त्रींनी एक फरशी अलगद उचलून उलटी धरली. तिच्या मागची जाळी जवळजवळ कोरीच होती. "मालक, हिला खालच्या मालानं धरलंच न्हाई," एवढेच ते म्हणाले.

त्याचे कारण मला फार उशिरा कळले. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, फरशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. हा तिचा मोठा गुण असला, तरी त्यामुळेच साध्या सिमेंटच्या स्लरीला, म्हणजे पातळ कालवणाला, तिच्यात शिरकाव मिळत नाही. तिला पॉलिमरयुक्त चिकटद्रव्यच लागते आणि तेही पाच ठिकाणी गोळे ठेवून नव्हे, तर दातेरी करणीने सलग पसरून; कारण पॅलेटच्या लहान चाकांवर सगळा भार एकवटतो आणि खाली पोकळी असेल तिथे फरशी तडकते.

या वेळी विक्रीच्या भागात डबल चार्ज फरशी घेतली. तिचा रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, तर ग्लेझ्ड फरशीवरची नक्षी अगदी पातळ थरात असते आणि पावसाळ्यात चपलांबरोबर आलेली रेती ट्रॉलीच्या चाकांखाली ती घासून काढते. दारापासूनचे पहिले चार मीटर मात्र खरखरीत, मॅट फरशीचे केले आहेत. छत्री मिटत आत आलेल्या एका आजी गुळगुळीत फरशीवर घसरल्या होत्या. त्यांना फार लागले नाही, पण तो क्षण मी विसरू शकलेलो नाही.

वडिलांचा आग्रह कोटा दगडाच्या फरशीचा होता. कोटा जागेवरच पुन्हा पॉलिश करता येतो, ही त्याची थोरवी मलाही मान्य आहे. पण तो चुनखडीचा दगड असल्याने व्हिनेगर किंवा अ‍ॅसिडची बाटली फुटली की डाग कायमचा राहतो. गोदामात ट्रायमिक्स, म्हणजे व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घट्ट केलेले, काँक्रीट पुरेसे आहे.

व्हिनाइलचा, म्हणजे गोंदाने चिकटवायच्या प्लास्टिकच्या फरशीचा, विचार मी लगेच सोडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले होते, आणि पाण्याखाली राहिलेले व्हिनाइल खालचा गोंद सुटून उचलले जाते. तेलाच्या विभागातले फरश्यांमधले सांधे एपॉक्सी ग्राउटने, म्हणजे राळेच्या भरणीने, भरून घेतले, कारण सिमेंटचे ग्राउट तेल पिऊन काळे पडते. पुढे त्याच छटेची फरशी मिळेलच असे नसते, म्हणून एकाच बॅचची आठ खोकी माळ्यावर जपून ठेवली आहेत.