सवलत वापरायलाही शिकवावं लागतं

मंगळवार, रात्री

आज दुपारी एकला दहावीचा निकाल लागला आणि माझा पोरगा पास झाला. पोटचा नव्हे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत मी विशेष शिक्षिका आहे, पाटण तालुक्यातल्या शाळा फिरते, आणि हा मुलगा आठवीपासून माझ्याकडे आहे. नाव लिहीत नाही, कारण वाडी लहान आहे, सगळे ओळखतील. विज्ञानात ५८, गणितात ४१, मराठीत ४६. मोबाइलवर गुण बघितले आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. आता सगळं निवल्यावर लिहायला बसले आहे.

त्याला अध्ययन अक्षमता आहे. घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत होते. जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतो. ओळ संपली की नजर भलत्याच ओळीवर जाते. पण विहिरीवरची मोटार बंद पडली की वाडीतली माणसं त्यालाच हाक मारतात. तीन फेजपैकी कुठली गेलीय हे तो बरोबर सांगतो. अशा पोराला वर्षानुवर्षं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलं गेलं, याचा मला आजही संताप येतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे २१ प्रकार मानले, त्यांत अध्ययन अक्षमता आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं आणि बोर्डाच्या सवलती मिळतात. प्रमाणपत्रासाठी आधी बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी. प्रत्येक वेळी त्याची आई रोजगार बुडवून माझ्याबरोबर आली. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, ते फोनवर एवढंच म्हणायचे, "मॅडम, तुम्ही सांगाल तिथं सही करतो."

खरा पेच फॉर्म भरायच्या वेळी आला. पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला गणिताऐवजी सोपं अंकगणित घेता येतं आणि विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र. पोरगा सहज पास झाला असता. त्याच्या आईलाही तेच हवं होतं आणि तिचं काही चुकत नव्हतं, कारण 'नापास' हा शिक्का तिने घरात खूप वर्षं ऐकलाय. पण त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय, आणि त्या ट्रेडला दहावी लागते ती विज्ञान आणि गणित घेऊन. सोपे विषय घेतले की दहावी सुटणार आणि पुढचं दार तिथेच बंद होणार. ओळखीचे एक गृहस्थ तिला म्हणाले, "वेल्डरला आठवी पास चालतं, कशाला पोराला ताण देताय?" वेल्डिंग हे चांगलंच काम आहे. पण कुठलं काम करायचं हे त्या मुलाने ठरवायचं, त्याच्या वाचनाने नव्हे. मी त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. तो म्हणाला, "गणित ठेवूया. नाय निघालं तर पुरवणीला बसीन."

मग राहिल्या त्या सवलती घेतल्या: लेखनिक (तो सांगेल ते उत्तर लिहून घेणारा), तासाला २० मिनिटं जादा वेळ, कॅल्क्युलेटर. म्हणजे दोन तासांच्या पेपरला दोन तास चाळीस मिनिटं, भाषेच्या तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक खालच्या वर्गातला हवा. नववीतली एक मुलगी तयार झाली. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव शांत. तिच्या आईला काळजी होती, की हिचा स्वतःचा अभ्यास मागे पडेल. त्यांच्या घरी जाऊन बोलले, वेळा ठरवल्या.

आणि पहिल्याच सरावात लक्षात आलं, की सवलत हातात आली तरी काम इथूनच सुरू होतं. प्रश्न विद्युत मोटारीचा होता, त्याच्या अगदी आवडीचा. त्याने डाव्या हाताची तीन बोटं एकमेकींना काटकोनात धरली, फ्लेमिंगच्या नियमात सांगितलीत तशी, आणि म्हणाला, "हिकडनं चुंबकाचं, हिकडनं करंट, मग ह्ये असं फिरतं." मुलीने नियमाप्रमाणे जसंच्या तसं लिहिलं: हिकडनं चुंबकाचं, हिकडनं करंट, मग ह्ये असं फिरतं. कागद माझ्या हातात आला. पोराला सगळं येत होतं आणि तपासणाऱ्याच्या पदरात त्यातलं काहीच पडणार नव्हतं. बोटं उत्तरपत्रिकेत जात नाहीत.

तोंडी उत्तर देणं वेगळं आणि लिहून घेण्यासाठी सांगणं वेगळं. हे दुसरं कुठल्याही वर्गात शिकवलं जात नाही, आणि लेखनिक दिला की मुलाची सोय झाली असं आपण धरून चालतो. पुढचे काही महिने आम्ही विषयापेक्षा हेच जास्त घोटलं. हात मांडीखाली ठेवून बोलायचं. 'हे', 'ते', 'असं' म्हणायचं नाही, वस्तूचं नाव घ्यायचं. 'तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, पूर्णविराम.' वाक्य लहान ठेवायचं, कारण लांब वाक्याचं शेपूट येईपर्यंत त्याला डोकं आठवत नाही. मुलीने प्रश्न दोनदा वाचायचा: पहिल्यांदा विचारलंय काय ते ऐकायचं, दुसऱ्यांदा गुण किती ते. तीन गुण असतील तर बोटांवर तीन मुद्दे धरायचे, मग तोंड उघडायचं. तिने शेवटचं वाक्य परत वाचून दाखवायचं. आकृत्या मात्र त्याच्या त्यानेच काढायच्या ठरवलं, त्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. मी फोनवर रेकॉर्ड करायचे आणि तिघं मिळून ऐकायचो. स्वतःचा आवाज ऐकून सुरुवातीला लाजायचा, नंतर स्वतःच म्हणायला लागला, "मॅडम, हितं मी 'ते' म्हणालो, खोडा."

बोलीचा प्रश्न मला छळत होता. 'हुतं', 'न्हाई', 'हिकडनं' ही त्याची भाषा आहे, तिला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. शाळेत एका सरांनी तिच्यावरून त्याला वर्गासमोर टोकलं होतं आणि तो पुढे कितीतरी दिवस तोंड उघडत नव्हता. म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं, की वाशीत बाबा शेठशी बोलतात आणि घरी येऊन तुझ्याशी बोलतात, तसे पेपरचेही एक बोलणे आहे. ते शिकायचं, घरचं टाकायचं नाही. विज्ञानात बोलीतला शब्द आला तर मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. मुद्दा बरोबर असेल तर तो बरोबरच आहे. मराठीच्या पेपरला मात्र निबंध पुन्हा पुन्हा सांगायला लावला.

परीक्षेच्या केंद्रावर तळमजल्यावर वेगळी खोली मिळाली. केंद्रसंचालकांनी पहिल्याच दिवशी दोघांशी नीट बोलून त्यांची भीती घालवली, त्यांचे मनापासून आभार. भूमितीचा पेपर अवघड गेला. रडवेला होऊन बाहेर आला, आणि त्या संध्याकाळी आम्ही भूमितीबद्दल एक शब्दही बोललो नाही.

बोर्डाने दिलेल्या सवलती चांगल्या आहेत, हे मी ठामपणे म्हणेन. दिव्यांग विद्यार्थी नापास होत असेल तर २० पर्यंत वाढीव गुणही मिळतात, त्याला त्यांची गरज पडली नाही. पण तालुक्यात अशी मुलं असतील ज्यांच्या हातात प्रमाणपत्र आहे आणि समोर लेखनिक बसलाय, पण सांगायचं कसं हे त्यांना कुणी दाखवलं नाही. ती नापास होतात आणि आपण म्हणतो, एवढं सगळं देऊनही. हे लेखनिकाबरोबरचे सराव दहावीच्या फेब्रुवारीत नाही, नववीत सुरू व्हायला हवेत. जूनमध्ये केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत हे मांडणार आहे. मुख्याध्यापकांना दाखवायला रेकॉर्डिंगं ठेवली आहेत, पोराची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन.

लेखनिक मुलीचा संध्याकाळी फोन आला. विचारत होती, पुढच्या वर्षी तिची दहावी, तर तिच्या जागी तिच्या धाकट्या भावाने लेखनिक व्हायचं का, कुणासाठी तरी. तो आठवीत आहे. मी हो म्हटलं आणि लगेच सातवी-आठवीच्या मुलांची यादी काढली. एका मुलीच्या वह्या मागवल्या आहेत, तिचंही घ-ध उलटं येतं. शनिवारी पोराचा आयटीआयचा फॉर्म भरायचाय, त्याआधी त्याच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढून ठेवायला हव्यात.