पिकअप घेताना मी कंपनीचं नाव बाजूला ठेवलं

माझं काम पंप बसवण्याचं आणि दुरुस्तीचं. मोटार, पाइपचे गठ्ठे, चेन-पुली, जनरेटर आणि बरोबर दोन माणसं एवढा पसारा घेऊन डांबर संपतं तिथून पुढे जायचं. कधी ओढ्यातून, कधी ओल्या चढावरून, कधी नुसत्या दगडांवरून. जुनी पिकअप थकली तेव्हा नवी घेणं भागच होतं. आणि या विषयावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘टोयोटा घ्या, डोळे झाकून’, नाहीतर ‘फोर्डसारखी गाडी नाही’, नाहीतर ‘इसुझू मरत नाही’. तिघंही मनापासून बोलतात. पण त्यातल्या कुणाच्याही हौद्यात माझा पसारा नसतो.

मुळात पिकअपच्या बाबतीत बोनेटवरचं नाव तितकंसं काही सांगत नाही. आजची फोक्सवॅगन अमारोक ही फोर्ड रेंजरच्याच सांगाड्यावर उभी आहे आणि दक्षिण आफ्रिकेत फोर्डच्याच कारखान्यात बनते. माझदाची बीटी-50 2011 पासून 2020 पर्यंत रेंजरची बहीण होती, त्यानंतर ती इसुझू डी-मॅक्सची झाली. म्हणजे नाव तेच, पण आतलं इंजिन, चॅसी, गिअरबॉक्स सगळं दुसऱ्या घरचं. मर्सिडीजची एक्स-क्लास आतून निस्सान नवारा होती, फियाटची फुलबॅक ही मित्सुबिशीची एल200. ‘माझदा चांगली की वाईट’ असा प्रश्न कुणी विचारला तर आधी साल विचारावं लागतं. हे कळल्यावर मी कंपन्यांची तुलना सोडून दिली. मॉडेल, पिढी आणि इंजिन एवढंच लिहून ठेवायला लागलो.

दुसरी गोष्ट वजनाची. जाहिरातीत ‘एक टन भार, साडेतीन टन ट्रेलर’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी खरे नसतात. मी कागद घेऊन बसलो. समजा गाडीचं रिकामं वजन 2,100 किलो आणि भरलेल्या गाडीची मर्यादा, म्हणजे जीव्हीएम, 3,100 किलो. झाला एक टन. आता यातून माझं आणि दोन सोबत्यांचं वजन काढा, पुढचा लोखंडी बंपर काढा, हौद्यावरचं झाकण, टूलबॉक्स, जादा स्टेपनी काढा. पंप अजून चढलेलाच नाही आणि चारशे किलो गेले. आता मागे ट्रेलर लावा. गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा, म्हणजे जीसीएम, समजा 5,950 किलो आहे. त्यातून ट्रेलरचे 3,500 वजा केले की गाडीसाठी उरतात 2,450. गाडी स्वतःच 2,100 ची. म्हणजे माणसं, हत्यारं, बंपर, माल सगळं मिळून 350 किलोत बसवायचं! शिवाय ट्रेलरचा साधारण दहा टक्के भार हुकवर येतो, तो जीव्हीएममध्ये धरायचा तो वेगळाच.

रिकामं वजन कसं मोजलंय हेही विचारावं लागतं. युरोपातल्या पद्धतीत 75 किलोचा चालक आधीच धरलेला असतो, इतरत्र धरलेला नसतो. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून पेलोडची, म्हणजे गाडी पेलते त्या भाराची, तुलना करणारे बहुतेक जण हे बघतच नाहीत. मला गाडी निवडताना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या बेरीज-वजाबाकीचा.

मग ऑफ-रोडिंग. इथे एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो: खडकाळ रानात जी गाडी सगळ्यात भारी, ती कामाला सगळ्यात भारी असेलच असं नाही, बहुतेकदा नसतेच. फोर्डची रेंजर रॅप्टर घ्या. मागे कमानपाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत, फॉक्सचे शॉक ॲब्सॉर्बर आहेत, खड्ड्यांतून ती ज्या वेगाने जाते त्या वेगाने बाकीच्या जाऊच शकत नाहीत. पण तिची ओढण्याची क्षमता 2,500 किलो, साध्या रेंजरची 3,500, आणि हौद्यातला भारही साध्या रेंजरपेक्षा बराच कमी. जीप ग्लॅडिएटर रुबिकॉनला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल जाम करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप), 4:1 चा लो गिअर, आणि पुढचा स्वे-बार, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारा दांडा, बटण दाबून सोडता येतो. दगडांवरून सावकाश चढायला याहून चांगली नवी पिकअप मला माहीत नाही. जिला हौसेने रानात न्यायची तिच्यासाठी हे सगळं सोन्यासारखं आहे. माझा पंप मात्र हौद्यात असतो आणि तो कॉइल स्प्रिंगवर डुलत नेणं मला नको होतं.

कॉइल वाईट असं म्हणायचं नाही. निस्साननं नवाराच्या डी23 पिढीत डबल-कॅबला मागे कॉइल दिल्या, रिकाम्या गाडीची चाल त्यामुळे सुधारली. पण जड भाराखाली मागचा भाग बसतो अशी तक्रार आली आणि नंतरच्या वर्षांत त्यांना त्या स्प्रिंग कडक कराव्या लागल्या. कमानपाट्याची गाडी उलटी. रिकामी असली की खड्ड्यात मागून उडते, कंबर मोडते. तीच सहाशे किलो टाकल्यावर शहाण्यासारखी चालते. म्हणून रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊन पिकअप ठरवू नये, असं माझं अगदी ठाम मत आहे.

मी तसंच केलं. डीलरकडच्या डांबरी चकरा झाल्यावर याच धंद्यातल्या ओळखीच्यांकडे गेलो, ज्यांच्या गाड्या रोज भरलेल्या असतात. त्यांच्याबरोबर कामावर गेलो, परवानगी मिळाली तिथे स्वतः चालवली. एका जागी कच्च्या रस्त्याला तिरका चर पडला होता. डावं पुढचं चाक चरात उतरलं की उजवं मागचं हलकं होऊन हवेत लोंबायला लागायचं. नेमकं इथेच गाड्यांमधलं अंतर दिसलं. एका गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलच्या, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या, भरवशावर जायचा प्रयत्न केला. हवेतलं चाक भर्रकन फिरलं, ब्रेकचा कर्रर्र-कर्रर्र आवाज आला, गाडी थोडी हलली, परत थांबली, मग एक हिसका मारून वर आली. मालक शांतपणे म्हणाला, ‘आता खाली घ्या, लो लावा, लॉक लावा आणि पाय हलका ठेवा.’ परत त्याच चरात उतरलो. मागचं लॉक लागल्याचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, मी ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श केला आणि गाडी न घसरता, एका लयीत चालत बाहेर आली. टायरखालची माती उडालीसुद्धा नाही. पाठीमागे माल भरलेला असताना हिसका नको असतो. त्या चढानंतर मागचं डिफरन्शियल लॉक नसलेली गाडी माझ्या यादीतून गेलीच.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्याला मी फार महत्त्व दिलं नाही. तो रिकाम्या गाडीचा असतो, आणि मागच्या ॲक्सलचं डिफरन्शियलचं गोल घर टायर बदलल्याशिवाय वर जात नाही. पाण्यात किती खोल जाता येतं हा आकडा मात्र पाहिला. हायलक्सला 700 मिलिमीटर, आत्ताच्या डी-मॅक्सला आणि रेंजरला 800. ओढ्याशी रोज गाठ पडणाऱ्याला हे दहा सेंटिमीटर कामाचे आहेत.

फोर बाय फोरची जातही बघावी. बहुतेक कामाच्या पिकअपमध्ये ती पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची, असते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून वळलं की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि टायर, जॉइंट, ट्रान्सफर केस यांच्यावर ताण येतो. मित्सुबिशी ट्रायटनची सुपर सिलेक्ट प्रणाली इथे खरोखर वेगळी. तिला मध्यवर्ती डिफरन्शियल आहे, त्यामुळे पावसात अर्धं डांबर-अर्धा चिखल अशा रस्त्यावर फोर बाय फोर लावून बिनघोर जाता येतं. ज्यांचं काम अशाच रस्त्यांवर असतं त्यांनी ती बघायलाच हवी. तिचा उल्लेख इतका कमी का होतो, मला कोडंच आहे.

आता भरवसा. इथे सगळ्यात जास्त श्रद्धा चालते. टोयोटाचा लौकिक खरा आहे, तो हायलक्सनं 1968 पासून कमावलाय. तरीही त्याच टोयोटाच्या टॅकोमा आणि टुंड्रा गाड्यांच्या चॅसी गंजल्याबद्दल अमेरिकेत मोठी तडजोड झाली, आणि 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं 2015 ते 2020 दरम्यान विकलेल्या डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरच्या डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलचा धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, दोष असल्याचं मान्य केलं. कंपनी वाईट ठरवायला मी हे लिहीत नाही. भरवसा हा कंपनीचा गुण नसून त्या त्या भागाचा, त्या त्या वापरातला गुण आहे, एवढंच मला यातून घ्यायचं होतं.

डीपीएफचं मला जवळचं आहे. धुरातली काजळी तो अडवतो आणि साधारण 600 अंशांवर ती जाळून टाकतो. एवढं तापायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. माझी गाडी दहा मिनिटं चालते, मग तासभर जागेवर घुरघुरत उभी राहते. जुन्या पिकअपचा फिल्टर याच कारणानं वारंवार तुंबायचा, इंजिन ताकद कमी करून घरी चला म्हणायचं. म्हणून नव्या गाडीत फिल्टरची सफाई बटण दाबून स्वतः सुरू करता येते का, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. काही विक्रेत्यांना प्रश्नच कळला नाही.

टायमिंगचंही तसंच. हल्लीच्या काही लहान डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, तेलातच फिरतो. तेल वेळेवर आणि अचूक ग्रेडचं पडलं तर तो टिकतो. चुकलं तर त्याचा भुगा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो आणि इंजिनाला तेल पोचत नाही. रानातल्या कामात तेल बदलायचं कधी ना कधी लांबतंच. मला चेन किंवा गिअर हवे होते.

सेकंड-हँड गाड्याही पाहिल्या. ज्याच्याकडे मी आयुष्यभर गाड्या नेल्या त्या मिस्त्रींना बरोबर घेतलं. ते रंग बघत नाहीत, इंजिनही आधी उघडत नाहीत. थेट गाडीखाली सरकतात आणि मागच्या ॲक्सलच्या वर, चॅसी जिथे कमानीसारखी वळते तिथे छोट्या हातोडीनं ठोकत जातात. तिथेच चिखल अडकून राहतो. एका चकचकीत गाडीखाली टण्-टण् चाललं होतं, एकदम आवाज बद्द यायला लागला. पेचकसानं खरवडलं तर काळ्या अंडरकोटिंगखालून गंजाचे पापुद्रे सुटून आले. ‘साहेब, वरून नवरी आहे, पण हिला हात लावू नका,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी जुनी गाडी घ्यायचा विचार सोडला.

शेवटी यादीत हायलक्स 2.8, रेंजर, डी-मॅक्स 3.0 आणि ट्रायटन राहिल्या. चालवायला रेंजर सगळ्यात गोड. स्टेअरिंग हलकं, केबिन शांत, आणि व्ही6 डिझेलमध्ये 600 न्यूटन-मीटर टॉर्क. ज्याला वर्षभर जड ट्रेलर ओढायचाय त्यानं तीच घ्यावी. अतिदूर मुलखात फिरणाऱ्यानं हायलक्स घ्यावी, कारण तिचा पार्ट जगाच्या पाठीवर कुठेही सापडतो. मी डी-मॅक्स घेतली. तीन लिटरच्या इंजिनातून 450 न्यूटन-मीटर, म्हणजे कमी लिटरवर जास्त ताकद पिळून काढलेली नाही. टायमिंगला गिअर आणि पोलादी चेन. याच घराण्यातली आधीची इंजिनं इसुझूच्या लहान ट्रकमध्ये राबलेली आहेत, आणि माझ्या मिस्त्रींनी ती उघडून जोडलेली आहेत. हे शेवटचं कारण माझ्यासाठी सगळ्यात वजनदार होतं.

गाडी आल्यावर आधी टायर बदलले, भाराचा निर्देशांक बघून. मग डिफरन्शियलच्या श्वासनळ्या वर ओढून घेतल्या, म्हणजे गरम ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आत पाणी ओढलं जात नाही. झाकण, टूलबॉक्स, सगळं बसवून, रोजचा माल आणि माणसं घेऊन वजनकाट्यावर गेलो आणि पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलला. एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागचा ॲक्सल त्याच्या स्वतःच्या मर्यादेला टेकला होता. हौद्याच्या मागच्या टोकाला ठेवलेला बोजा मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडतो आणि पुढची चाकं उचलतो. जनरेटर उचलून केबिनच्या भिंतीला लावला, पाइपचे गठ्ठे मागे ठेवले आणि पुन्हा तोललं. मागचा ॲक्सल मर्यादेच्या आत आला, स्टेअरिंगही जड झालं. आता जनरेटरची ती जागा कायमची, तिथे हुक वेल्ड करून घेतलेत.